मी बदललेला क्रम

शकीलभाईंचा फोन आला तेव्हा मी एका दुपट्ट्याच्या डिझाइनमधले जास्तीचे रंग काढत होते. हाताने रंगवलेलं चित्र स्कॅन केलं की त्यातला एकच निळा संगणकाला चाळीस निळे दिसतो. ते चाळीस एकात आणायचे, मग पिवळ्याचे एकात, मग तांबड्याचे... शकीलभाई आमच्या कारखान्यात छपाईच्या टेबलावरचे मुख्य कारागीर. त्या दिवशी ते सुट्टीवर होते. म्हणाले, "बेटा, भास्करभाई गुजर गए. सकाळीच. चहा घेत बसले होते म्हणे." मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. लाज वाटते सांगायला, पण हातातली फाइल पूर्ण करूनच मी खुर्चीवरून उठले. उठले असते तर कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं असतं, आणि भास्करकाकांविषयी काहीही बोलायचं म्हटलं की माझ्या घशाशी एक गोष्ट यायची. ती तीन वर्षं येत होती आणि तीन वर्षं मी ती गिळत होते.

मुकुंदवाडी स्टेशनच्या मागं पत्र्याच्या शेडमध्ये आमचा छपाईचा कारखाना आहे. स्टोल, दुपट्टे, उशांचे अभ्रे, कापडी पिशव्या. भास्करकाका तिथं मी यायच्या कितीतरी आधीपासून होते. त्यांचं काम सेपरेशनचं, म्हणजे चित्रातले रंग सुटे करण्याचं. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. चार रंगांचं फूल कापडावर छापायचं तर चौकटीत ताणलेल्या चार जाळ्या लागतात, प्रत्येक रंगाची वेगळी. त्यासाठी चित्राचे चार थर करायचे, आणि गंमत अशी की चारही थर काळेच असतात. पारदर्शक फिल्मवर काळी शाई, आणि त्या फिल्मवरून जाळी बनते. पाकळीच्या जागी काळं, पानाच्या जागी दुसऱ्या फिल्मवर काळं. फिल्मच्या कडेला लिहायचं की हा लाल, हा हिरवा. खरा रंग येतो तो थेट कापडावर, शकीलभाईंच्या हातून.

काकांनी हे काम उमेदीची सगळी वर्षं हातानं केलं. खालून ट्यूब लावलेलं काचेचं टेबल, त्यावर चित्र, चित्रावर फिल्म आणि हातात बारीक कुंचला. फिकट रंग गडद रंगाच्या खाली केसभर सरकवून ठेवायचा, नाहीतर कापड जरा हललं की दोन रंगांमध्ये पांढरी फट दिसते. ती केसभर सरकवणी काकांसारखी कुणाला जमायची नाही. संगणकावर मी ती आकडा टाकून करते. सगळीकडे सारखी होते, चुकत नाही. पण टोकदार पानाच्या शेंड्याला ती कमी हवी असते आणि पोटाला जास्त, हे काकांचा हात विचार न करता करायचा.

सहा वर्षांपूर्वी मी तिथं लागले. माझे वडील वाळूजला एका कंपनीत मशीनवर आहेत, आम्ही बजाजनगरला राहतो, मूळ गाव वैजापूरकडचं. आमच्या घरात माझ्या आधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. मी पदवी घेतली, वर टेक्स्टाइल डिझाइनचा कोर्स केला, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. मालकांनी नवं सॉफ्टवेअर घेतलं होतं आणि काकांना ते शिकवायला मला ठेवलं होतं. पहिल्याच दिवशी काका म्हणाले, "काय ग्रॅज्युएट, डबा आणलास का? इथं कँटीन नाय." तेव्हापासून माझं नाव ग्रॅज्युएट हेच पडलं. शकीलभाई पण म्हणायला लागले, "ओ ग्रॅज्युएट, जरा बाजूला सरक, रंगाची पेस्ट सांडंल." मला राग यायचा आणि आत कुठंतरी बरंही वाटायचं.

काका फार लवकर शिकले. माउस पकडताना मनगट ताठ व्हायचं, तेवढंच. सॉफ्टवेअरमध्ये रंग कमी केले की उरलेल्या रंगांची चौकोनी घरं एका ओळीत येतात, पहिलं, दुसरं, तिसरं. एकेका घरावर टिचकी मारायची की तेवढ्या रंगाचा थर सुटा होतो. काका मला त्या घरांपुढं उभं करायचे आणि म्हणायचे, "सांग बघू, कुठल्या घरात कुठला रंग? ओळीनं सांग." मी सांगायची, पिवळा, हिरवा, लाल, काळा. ते चिठ्ठीवर लिहून घ्यायचे. प्रत्येक डिझाइनला हेच. एकदा मी म्हटलं, "काका, मी पदवीधर आहे. मला लाल-हिरवा काय विचारता?" ते चिठ्ठीवरून मान वर न करता म्हणाले, "पदवीधरालाच विचारावं. अडाण्याला इचारून काय फायदा?" शकीलभाई हसले. मला वाटलं माझी चेष्टा चालली आहे, हा म्हातारा रोज माझी परीक्षा घेतो आणि सगळ्यांसमोर घेतो.

आता खरं काय होतं ते सांगते. मला ते काका गेल्यावर कळलं. तेराव्यानंतर मी त्यांच्या घरी गेले. सुमनकाकूंनी मला आत बसवलं, चहा दिला, आणि पलंगाखालून जुन्या डिझाइनची गुंडाळी काढली. कारखान्यात रद्दीत गेलेली, हातानं रंगवलेली चित्रं. काका ती घेऊन आले होते. प्रत्येकाच्या मागच्या बाजूला, पुढच्या पानाफुलांच्या नेमक्या जागी, बायकी अक्षरात पेन्सिलीनं शब्द लिहिलेले होते. कुंकू. पालक. हळद. पुन्हा कुंकू. एका वेलीवर ओळीनं सात वेळा पालक.

"माझं अक्षर हाये," काकू म्हणाल्या. "रोज संध्याकाळी डिझाइन घरी आणायचे. मी खिडकीत उजेडाला धरायची आणि मागून लिहायची. त्यांना तांबडं आणि हिरवं एकच दिसायचं."

मी एक चित्र उलटून पाहिलं. जिथं मागं कुंकू लिहिलं होतं, तिथं पुढं लाल फूल होतं.

"लगीन झाल्यावर पयल्या आठवड्यात टमाटे आणायला धाडलं तर सगळे कच्चे घेऊन आले. मला वाटलं, येड्याशी लावून दिलं का काय. मग माझ्या शालूवरनं कळलं. माझा शालू हिरवा होता, हे समद्यांना सांगत होते, तांबडा शालू लई खुलला हिला." काकू हसल्या, डोळे पुसले, आणि पुन्हा हसल्या. "मी कुणाला सांगितलं नाय कधी. रंगाच्या कामात हाये माणूस आणि रंगच वळखत नाय, असं बाहेर गेलं तर कोण ठेवील? कंप्युटर आला तवा लई घाबरले होते. आता डिझाइन घरी कसं आणू म्हणाले, कागद येतच नाय, स्कॅन करून धाडतात, डब्यातच असतंय. मग एक दिवस खुशीत आले. म्हणाले, तिथं एक पोरगी आलीय, तिला नुसतं इचारलं की घडाघडा सांगती."

ती पोरगी मी. मी ज्याला परीक्षा समजत होते, ती त्यांची रोजची गरज होती. आणि ज्या दिवशी मी त्या परीक्षेला कंटाळले, त्या दिवशी जे केलं ते आता लिहिते.

तीन वर्षांपूर्वी एका बाईंची स्टोलची ऑर्डर होती, त्यांच्याकडच्या लग्नात पाहुण्यांना द्यायला. साधं डिझाइन होतं. मोठ्या गर्द हिरव्या कोयऱ्या, त्यांच्या पोटात लाल ठिपके, पिवळी कड, काळी रेघ. सकाळी काकांनी नेहमीप्रमाणे विचारलं, मी सांगितलं, पिवळा, हिरवा, लाल, काळा. त्यांनी चिठ्ठी खिशात घातली आणि जेवायला घरी गेले. त्यांचं घर दोन गल्ल्या सोडून. मी त्यांच्या मागं त्यांची फाइल उघडली. आम्हाला कोर्समध्ये शिकवलं होतं की रंगांची घरं फिकटाकडून गडदाकडं लावावीत, कारण छपाईही त्याच क्रमानं होते. काकांची घरं मात्र सॉफ्टवेअरनं दिली तशीच असायची. हिरवा गर्द होता, लाल त्याहून उजळ. मी दोन्हींची अदलाबदल केली. पिवळा, लाल, हिरवा, काळा. चार घरांतली नेमकी ती दोन. फाइल सेव्ह केली. काकांना सांगितलं नाही. विसरले नव्हते, सांगितलं नाही. मनात होतं की आल्यावर बघतील, तोंड वाकडं करतील, आणि मी म्हणेन की शास्त्र असंच आहे.

ते आले, चिठ्ठी काढली, घरं मोजली, थर सुटे केले, फिल्मच्या कडेला नावं लिहिली. त्यांना काहीच वेगळं दिसलं नाही, कारण त्यांच्यासाठी काही वेगळं झालंच नव्हतं. मालक घाईत होते, नमुना छापून बाईंना दाखवायचं राहिलं. कोयरी लाल असली आणि ठिपके हिरवे असले तरी ते काही विचित्र दिसत नाही, त्यामुळं शकीलभाईंनाही शंका आली नाही. सगळे स्टोल छापून, वाळवून, घडी घालून झाल्यावर बाई आल्या. त्यांनी वरचा स्टोल उलगडला आणि म्हणाल्या, "मी तर हिरव्या कोयऱ्या दिल्या होत्या. हे काय केलंत?"

त्या गेल्यावर काका माझ्याजवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "क्रम हलवला होता का गं?"

"व्हय," मी म्हटलं. "फिकट ते गडद लावला. तसंच लावतात. पण काका, स्क्रीनवर रंग समोर दिसतोय की. क्रमानं काय होतंय?"

त्यांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, "नाय. काय होत नाय."

थोड्या वेळानं मालकांनी सगळ्यांना टेबलाजवळ बोलावलं. मालक वाईट माणूस नाही, ओरडतही नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "भास्करराव, फाइलला दुसऱ्या कुणी हात लावला होता का?" मी तिथंच उभी होते, हातात चहाचा ग्लास होता. काकांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "नाय," म्हणाले, "माझंच ध्यान नव्हतं." मालक म्हणाले, "लाल-हिरव्यात ध्यान जातं?" कुणीतरी मागून हसलं. काकाही हसले... आणि मी चहा प्यायले.

त्या क्षणी मी काय विचार करत होते ते मला नीट आठवतं आणि ते मी सोपं करून सांगणार नाही. मी असा विचार करत होते की माझी चूकच नाही. घरं इकडची तिकडं केली म्हणून कुणी लालाला हिरवा म्हणतं का? म्हातारं झालं की नजर जाते, काम जमत नाही, सोडवत पण नाही. हे मी मनात म्हटलं. पण खरंच माझी चूक नव्हती, तर मग "मी क्रम बदलला होता" हे सहज बोलता आलं असतं. ते मला आलं नाही. म्हणजे कुठंतरी मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवसापासून सेपरेशन माझ्याकडं आलं. काकांची खुर्चीही. काकांना जाळ्या धुवायला दिलं. वाकून उभ्यानं करायचं काम, हात दिवसभर पाण्यात. दोन महिने त्यांनी ते केलं. त्या दोन महिन्यांत त्यांनी मला एकदाही ग्रॅज्युएट म्हटलं नाही, ताई म्हणायला लागले. मग ते कारखाना सोडून गेले. वाळूजला एका ठिकाणी टी-शर्ट आणि पिशव्यांवर कंपन्यांची नावं छापतात, तिथं लागले. सगळं एका रंगाचं काम. उमेदीची सगळी वर्षं दहा-दहा रंगांच्या वेली सुट्या करणारा माणूस.

शेवटचं भेटले ते बजाजनगरच्या बसथांब्यावर, ते वारायच्या दोनेक महिने आधी. मी ओळख द्यावी की नाही अशा विचारात होते, तेवढ्यात तेच म्हणाले, "काय ग्रॅज्युएट." इतकं बरं वाटलं... मी विचारलं, काम कसं चाललंय. म्हणाले, "बेस. एकच रंग. डोक्याला ताप नाय. काकू पण निवांत." काकू का निवांत ते मला तेव्हा कळलं नाही, मी विचारलंही नाही. मग म्हणाले, "पानाच्या शेंड्याला सरकवणी कमी ठेवत जा. मागच्या महिन्यात एका दुकानात तुमचा दुपट्टा बघितला, शेंडे बोथट झालेत." मी म्हटलं, "सॉफ्टवेअर सगळीकडं सारखीच देतं काका." "मग हातानं पूस थोडी," म्हणाले. बस आली. मी चढले. त्या दहा मिनिटांत मला एक वाक्य बोलायचं होतं आणि त्यांनी मला पानांच्या शेंड्यांविषयी सांगितलं.

काकूंचं बोलणं ऐकून घरी आल्यावर चार दिवस मला जेवण गेलं नाही. पाचव्या दिवशी मी पुन्हा गेले. दारातच सांगितलं, "काकू, तो क्रम मी बदलला होता." काकू जोत्यावर बसून भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "मला म्हाईत हाये. त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं त्यांनी."

"मग ते बोलले का नाहीत?"

"काय बोलणार? पोरीनं क्रम बदलला म्हणाले असते तर मालकानं काय इचारलं असतं? बदलला तर बदलला, तुम्हाला दिसत नाय का? मग?"

मी म्हटलं, मी बोलायला हवं होतं. मला वाटलं, त्या म्हणतील जाऊ दे. माणसं तसं म्हणतात. काकू तसं म्हणाल्या नाहीत. भाजीची जुडी बाजूला ठेवून म्हणाल्या, "व्हय, बोलायला पायजे होतं. तू बोलली असतीस तरी त्यांची जागा गेलीच असती कदाचित. पण चूक एकट्याची नव्हती, एवढं तरी झालं असतं. ते लोकांच्या हसण्याला भ्याले नाय कधी. त्यांना वाटलं, पोरगी सांगंल. दोन महिने थांबले ते."

दोन महिने जाळ्या धुवत ते कशासाठी थांबले होते, ते मला तिथं, त्या जोत्यावर बसून कळलं.

मग मी त्यांना विचारलं की हे मी कारखान्यात सांगितलं, किंवा कुठं लिहिलं, तर चालेल का. कारण माझी चूक सांगायची तर काकांनी जन्मभर झाकलेली गोष्ट उघडी पडणार. मी गप्प बसले तर त्यांच्यावरचा बोल राहणार. ज्या कोंडीत ते त्या दिवशी टेबलापाशी उभे होते तीच ही कोंडी होती, फक्त आता ती माझ्या वाट्याला आली होती. काकूंनी उरलेली जुडी निवडून संपवली. मग म्हणाल्या, "सांग. लिही पण. पण त्यांना दिसत नव्हतं असं लिहू नको. त्यांना तुमच्यापेक्षा जास्त दिसायचं. दोन रंग एकसारखे दिसायचे, तेवढंच लिही."

म्हणून तेवढंच लिहिते आहे.

सोमवारी मी मालकांच्या खोलीत गेले. शकीलभाई तिथंच बसले होते. मी म्हटलं, "त्या कोयऱ्यांच्या स्टोलच्या फाइलमध्ये रंगांचा क्रम मी बदलला होता. काका जेवायला गेले तेव्हा. त्यांना सांगितलं नव्हतं." मालकांना आधी कुठले स्टोल तेच आठवेना. मग आठवले. म्हणाले, "बरं, पण क्रमानं काय होतं? त्यांना समोर रंग दिसत नव्हता का?"

हाच तो प्रश्न. काका ज्याला भिऊन गप्प राहिले, तो जवळपास तसाच आला.

मी म्हटलं, "ते दोन रंग त्यांना एकसारखे दिसायचे. मला वेगळे दिसत होते."

शकीलभाई उठले, खिडकीशी जाऊन उभे राहिले. तिकडं बघूनच म्हणाले, "हसलो होतो मी त्या दिवशी. मागं मीच होतो."

कोपऱ्यातल्या काचेच्या टेबलावर आता खोकी ठेवतात. जेवणाच्या सुट्टीत मी ती उतरवली, काच पुसली, बटण दाबलं. ट्यूब थोडी फडफडली आणि लागली. जुन्या फिल्म आम्ही टाकत नाही, त्यामुळं कोयऱ्यांच्या चारही सापडल्या. पिवळ्याची आणि काळ्याची बाजूला ठेवली. उरलेल्या दोन काचेवर शेजारी शेजारी मांडल्या. आमच्याकडं फिल्मच्या उजव्या कोपऱ्यात सेपरेशन करणाऱ्यानं आपलं अक्षर टाकायचं असतं, म्हणजे काही चुकलं तर विचारता येतं. दोन्हींवर काकांचं "भा" होतं, वळणदार. मी मार्कर घेतला. "लाल" खोडून हिरवा लिहिलं, "हिरवा" खोडून लाल लिहिलं. मग दोन्ही फिल्मवर त्यांच्या "भा"शेजारी माझं अक्षर टाकलं.